काकांची वाट न बघता सही केली, चुकलं का?

आलेलं पत्र थोडक्यात असं:

"मॅडम, आमचं गाव सटाण्याजवळ. अप्पा अठ्ठावन्न वर्षांचे, डाळिंबाची बाग. जानेवारीत एका पहाटे तीनला त्यांच्या छातीत भरून आल्यासारखं व्हायला लागलं. रात्री जेवण उशिरा झालं होतं, म्हणून पित्त समजून आईने ओवा दिला, सोडा दिला, पाठ चोळली. सकाळी व्यापारी माल तोडायला येणार होता, म्हणून अप्पा दवाखान्यात यायला तयारच होईनात. साडेपाचला बनियन घामाने चिंब झालं तेव्हा आम्ही गाडी काढली. सटाण्यात ईसीजी काढला, हार्ट अटॅक म्हणाले, सव्वासहाला गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं आणि ॲम्ब्युलन्सने नाशिकला पाठवलं. नऊला पोचलो. दुखणं थांबलं नव्हतं. तिथल्या डॉक्टरांनी दुसरा ईसीजी बघून सांगितलं, इंजेक्शनने नळी उघडलेली नाही, आत्ताच फुगा आणि स्टेंट करावं लागेल. मोठे काका पुण्याहून निघाले होते. फोनवर म्हणाले, मी येईपर्यंत कशावर सही करू नकोस. मी सही केली. एक स्टेंट टाकला. अप्पा आता घरी आहेत, हिंडतात-फिरतात. पण काका म्हणतात, इंजेक्शन दिलं होतं तर स्टेंट कशाला? नुसता फुगा मारून, गुठळी ओढून काढून भागलं असतं. घाबरवून सही घेतली. आता दुसऱ्या नळीत ७५ टक्के ब्लॉक आहे म्हणून महिन्याने परत बोलावलंय, तेव्हा काका म्हणतात की बघ, सुरू झालं. शिवाय अप्पांची दाढ काढायची आहे, त्यासाठी रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद कराव्यात असं गावात सांगतात. आई ओव्याचं मनाला लावून घेऊन रडते. चैत्रात अप्पांना पायी सप्तशृंगीच्या गडावर जायचंय. मला रात्री झोप येत नाही."

प्रिय लेकी,

सही बरोबर केलीस. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं तू श्वास रोखून वाचशील.

काका अप्पांच्या काळजीनेच बोलतायत, त्यामुळे त्यांच्यावर रागावू नकोस. स्टेंटबद्दल त्यांच्या मनात जो संशय आहे तो हवेतून आलेला नाही. फक्त तो चुकीच्या ठिकाणी लावलाय. कुठे चुकीचा आणि कुठे बरोबर, ते सांगते. हे पत्र त्यांनाही वाचायला दे.

त्या पहाटे आत काय झालं ते आधी बघू. हृदयाच्या स्नायूला रक्त देणाऱ्या नळ्या साधारण तीन मिलिमीटर जाडीच्या असतात. आतल्या बाजूला वर्षानुवर्षं चरबीचा थर बसत जातो आणि त्या थरावर सायीसारखा पातळ पापुद्रा असतो. हा पापुद्रा फाटला की रक्ताला वाटतं जखम झाली, आणि जखम बुजवायला ते तिथे गुठळी धरतं. बोटाला कापल्यावर हेच रक्त आपल्याला वाचवतं, हृदयाच्या नळीत मात्र तेच जिवावर उठतं. ब्लॉक आधीपासून मोठाच असावा लागतो असंही नाही. चाळीस-पन्नास टक्क्यांचा, कधी काही त्रास न दिलेला थरसुद्धा फाटतो आणि काही मिनिटांत नळी शंभर टक्के बंद होते. "मागच्या महिन्यात तर सगळे रिपोर्ट नॉर्मल होते" असं म्हणणारे नातेवाईक मी कितीतरी पाहिलेत. ते खोटं बोलत नसतात.

तुमच्या बागेत ठिबक आहेच. लॅटरल, म्हणजे झाडांच्या ओळीतली बारीक नळी, चोकअप झाली की पुढची झाडं मान टाकतात. दुपारपर्यंत नळी साफ केलीस तर ती संध्याकाळी परत उभी राहतात. चार दिवसांनी साफ केलीस तर पाणी पोचतं, पण वाळलेली फांदी हिरवी होत नाही. हृदयाच्या स्नायूचं असंच आहे, फक्त तिथे चार दिवस मिळत नाहीत. नळी पूर्ण बंद झाल्यापासून वीस-तीस मिनिटांत आतल्या थरातला स्नायू मरायला लागतो. तिथून ते मरण बाहेरच्या थराकडे सरकत जातं आणि सहा तासांत बहुतेक भाग हातचा जातो. बारा तासांपर्यंत नळी उघडण्यात फायदा असतो, पण तो दर तासाला घटत जातो.

आता तुझं घड्याळ मांड. दुखणं तीनला सुरू झालं, नाशिकला नऊला पोचलात. म्हणजे सहा तास आधीच गेले होते. काका पुण्याहून सकाळी निघालेले. पुणे-नाशिक दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर, वाटेत चाकण, मंचर, सिन्नर. ते अकरा-साडेअकराच्या आत पोचणार नव्हते. ते येऊन, फाइल बघून, पुण्यातल्या ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावून हो म्हणेपर्यंत बारा वाजले असते. "घाबरवून सही घेतली" असं काका म्हणतात. डॉक्टर घाईत होते हे खरं, आणि तशीच घाई त्यांनी करायला हवी होती. सही घ्यायला कोणी निवांत चहा पाजत बसलं असतं, तर मी आज तुला वेगळं पत्र लिहिलं असतं.

इंजेक्शन दिलं होतं तर स्टेंट कशाला, हा प्रश्न मात्र चांगला आहे.

बंद नळी उघडायचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे औषधाने गुठळी विरघळवणं, दुसरा म्हणजे तार घालून फुग्याने ती उघडणं. फुग्याचा रस्ता जास्त खात्रीचा. पण त्याला कॅथलॅब, म्हणजे या कामाची खास खोली लागते, ती चालवणारी माणसं लागतात, आणि सटाण्याहून ती नव्वद किलोमीटरवर. नियम असा आहे की अटॅकचं निदान झाल्यापासून १२० मिनिटांच्या आत फुग्याने नळी उघडता येणार असेल तर थेट तिकडे न्यायचं. जमणार नसेल तर जिथे आहोत तिथेच, पोचल्यापासून अर्ध्या तासात इंजेक्शन द्यायचं आणि पेशंटला लगेच गाडीत घालून मोठ्या ठिकाणी पाठवायचं. तिथे काय होतंय ते बघत बसायचं नाही. सटाण्याच्या डॉक्टरांनी अगदी हेच केलं. त्यांनी उत्तम काम केलंय. अप्पा बरे झाल्याचं त्यांना जाऊन सांग. तालुक्याच्या डॉक्टरांना पाठवलेल्या पेशंटचं पुढे काय झालं हे सहसा कोणी कळवत नाही.

इंजेक्शन सगळ्यांना लागू पडत नाही. दिल्यापासून तासा-दीड तासात ईसीजीमधली वर उचललेली रेष निम्म्याने तरी खाली यायला हवी आणि दुखणं ओसरायला हवं. अप्पांचं दोन्ही झालं नव्हतं. अशा वेळी काय करावं याचा नीट अभ्यास झालेला आहे. २००५ साली ब्रिटनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात इंजेक्शन वाया गेलेल्या ४२७ पेशंटचे तीन गट केले होते. एका गटाला नुसती औषधं, दुसऱ्याला परत इंजेक्शन, तिसऱ्याला लगेच अँजिओप्लास्टी, म्हणजे फुग्याचा उपचार. मृत्यू, दुसरा अटॅक, पक्षाघात किंवा हृदय खूप कमजोर होणं, यातलं काहीही न होता सहा महिने पार पडलेले लोक पहिल्या दोन गटांत ७० टक्क्यांच्या आसपास होते आणि तिसऱ्यात जवळजवळ ८५ टक्के. नाशिकच्या डॉक्टरांनी दुसरा ईसीजी हातात धरून जो निर्णय घेतला तो या माहितीवर उभा आहे. आणि समज, इंजेक्शन लागू पडलं असतं, तरीही २ ते २४ तासांच्या आत अँजिओग्राफी (हृदयाच्या नळ्यांचं एक्स-रे चित्र) करून बघायचीच असते, कारण गुठळी विरघळली तरी फाटलेला थर तिथेच असतो. इंजेक्शन आणि फुगा हे एकाच उपचाराचे दोन टप्पे आहेत. एका कामाचे दोनदा पैसे घेतले असं इथे झालेलं नाही.

आता फुग्याकडे येते. मी फिजिशियन आहे. फुगा घालणारे हात माझे नव्हेत, पण माझ्या पेशंटबरोबर मी कॅथलॅबमध्ये बऱ्याचदा उभी राहिलेय. तू काचेबाहेर होतीस, म्हणून आत काय चाललं होतं ते सांगते.

पेशंट जागा असतो. मनगटावर भुलीची सुई टोचतात आणि नाडीच्या जागेतून दोन-अडीच मिलिमीटरची नळी आत सरकवतात. एक्स-रेत दिसणारं औषध सोडलं की पडद्यावर हृदयाच्या नळ्या काळ्या फांद्यांसारख्या उमटतात, आणि एक फांदी मध्येच कापल्यासारखी थांबलेली दिसते. त्या थांबलेल्या टोकातून मिलिमीटरच्या एक तृतीयांश जाडीची तार पुढे काढायची असते. इथे खोलीतलं कोणी बोलत नाही. तार पलीकडे गेली की तिच्यावरून मिटवलेला फुगा जातो. तो हवेने फुगवत नाहीत, पाण्यासारख्या औषधाने फुगवतात. दाब दहा-बारा वातावरणांचा, आपल्या कारच्या टायरमध्ये असते त्याच्या चार-पाच पट. फुगताना फुगा आधी डमरूसारखा दिसतो, मधे जिथे ब्लॉक असतो तिथे आवळलेला. मग ती कंबर सुटते आणि फुगा सरळ होतो. तेवढे काही सेकंद पेशंटला छातीत जास्तच दुखतं, कारण फुग्याने नळी पुरती अडवलेली असते. फुगा मिटवून परत औषध सोडलं की कापलेली फांदी टोकापर्यंत भरत जाते. त्या क्षणी मॉनिटरवर ठोके थोडे वेडेवाकडे पडतात. नवीन नर्स घाबरतात, जुन्या हसतात, कारण रक्त परत आल्याची ती खूण असते. एकदा देवळ्याकडच्या एका आजोबांनी टेबलावर पडल्यापडल्याच विचारलं होतं, "मांडीवरचा दगड काढावा तसा छातीवरचा कोणी काढला?"

मग नुसत्या फुग्यावर का थांबत नाहीत? एके काळी थांबायचेच. आंद्रेआस ग्रुंट्झिग नावाच्या डॉक्टरांनी घरच्या स्वयंपाकघरात बसून हे फुगे तयार केले आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये एका ३८ वर्षांच्या माणसाच्या हृदयाची नळी पहिल्यांदा फुग्याने उघडली. त्यानंतर लोकांना कळलं की फुगा थराला दाबतो, पण नळीची भिंत रबरासारखी परत आत येते. काहींची नळी टेबलावरून उतरायच्या आतच बंद व्हायची. तीनातल्या एकाची सहा महिन्यांत परत आकसायची. त्यावर उपाय म्हणून १९८६ साली तुलूझ आणि लोझान इथे पहिल्यांदा जाळी बसवली गेली. आपल्याकडे ज्याला लोक स्प्रिंग म्हणतात तोच हा स्टेंट. त्याच्या तारा केसाएवढ्या बारीक असतात. तो फुग्यावर आवळून बसवलेला असतो. फुगा फुगला की उघडतो आणि फुगा काढला तरी तसाच राहून भिंतीला आतून टेकू देतो. पुढे जाळीवरून आतली त्वचा गरजेपेक्षा जास्त वाढून नळी परत अरुंद होऊ लागली, म्हणून १९९९ पासून औषधाचा लेप दिलेले स्टेंट आले. अप्पांच्या डिस्चार्ज कार्डावर 'डीईएस' लिहिलंय तो हाच. अटॅकमध्ये नुसत्या फुग्यावर थांबायची वेळ आजही कधी येते: नळी फार बारीक असली, किंवा गुठळी इतकी मोठी असली की त्या घटकेला जाळी बसवण्यात धोका वाटला. तो निर्णय पडद्यासमोर उभ्या माणसाचा असतो.

गुठळी ओढून काढण्याबद्दल काकांनी ऐकलंय तेही खोटं नाही. तशी नळी असते आणि काही वर्षांपूर्वी ती जवळजवळ प्रत्येक अटॅकमध्ये वापरली जायची. मग २०१५ मध्ये दहा हजारांहून अधिक पेशंटचा मोठा अभ्यास आला. सगळ्यांची गुठळी सरसकट ओढल्याने जीव वाचायचं प्रमाण वाढलं नाही, उलट पक्षाघात थोडे जास्त झाले. त्यामुळे आता ती निवडक वेळीच वापरतात. आणि गुठळी ओढून काढली तरी तिच्याखालचा फाटलेला थर जात नाही, स्टेंट बहुतेकदा लागतोच.

काका कुठे बरोबर आहेत ते आता सांगते. अटॅक आलेला नाही, माणूस चालता-बोलता आहे, चढ चढताना थोडं दुखतं, तपासणीत ब्लॉक सापडला. अशा स्थिर माणसाला "आजच स्टेंट टाका, नाहीतर काही खरं नाही" असं कोणी म्हणालं तर जरूर थांबावं आणि दुसरं मत घ्यावं. ३७ देशांतल्या ५,१७९ पेशंटच्या एका अभ्यासाचे निकाल २०२० साली छापून आले. डाव्या मुख्य नळीत मोठा ब्लॉक असलेले लोक त्यात घेतले नव्हते. बाकीच्यांमध्ये चांगली औषधं घेणारे आणि औषधांबरोबर स्टेंट किंवा बायपास करून घेणारे, दोघांच्या आयुष्यात तीन-साडेतीन वर्षांत फरक पडला नाही. स्टेंटने छातीत दुखणं कमी झालं, मरण टळलं नाही. आपल्याकडे अशा स्थिर लोकांना गरज नसताना स्टेंट टाकले जातात, मी स्वतः पाहिलेत आणि त्याचा मला संताप येतो. पण अप्पांची गोष्ट ही नव्हे. त्यांची नळी बंद होती आणि स्नायू मरत होता.

आणि दुसऱ्या नळीतला ७५ टक्के ब्लॉक? तो स्थिर लोकांच्या हिशोबात बसतो की नाही? बघताना वाटतं बसतो, पण बसत नाही. एकदा अटॅक येऊन गेलेल्या माणसाच्या बाकीच्या नळ्यांतले थरही फाटायची शक्यता जास्त असते. याचा वेगळा अभ्यास २०१९ मध्ये आला. अटॅकच्या नळीत स्टेंट टाकून झालेल्या ४,०४१ लोकांपैकी निम्म्यांच्या दुसऱ्या मोठ्या ब्लॉकवरही ४५ दिवसांच्या आत उपचार केला, बाकीच्यांना औषधांवर ठेवलं. तीन वर्षांत हृदयामुळे मृत्यू किंवा नवा अटॅक पहिल्या गटात ७.८ टक्के, दुसऱ्यात १०.५ टक्के. म्हणजे महिन्याने बोलावलंय त्याला आधार आहे. फरक शंभरात तीनाच्या जवळपास, हेही लक्षात घे. म्हणून तिथे घाईची गरज नाही. या वेळी काकांना घेऊन जा, त्यांनाच प्रश्न विचारू दे. ब्लॉक कोणत्या नळीत, मुख्य भागात की टोकाला, नळी किती मोठी, ब्लॉक खरंच रक्त अडवतोय का हे तारेने दाब मोजून बघणार का, अप्पांची किडनी एक्स-रेत दिसणारं ते औषध परत सोसेल का. अँजिओग्राफीची सीडी मागून घ्या आणि हवं तर दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञाला दाखवा. त्यासाठी आठवडा गेला तरी चालेल.

पैशाचं तू लिहिलं नाहीस, पण काकांच्या बोलण्यात ते आहेच. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. तेव्हा औषधी स्टेंटला २९,६०० रुपये होती, पुढे ती वेळोवेळी बदलत गेली. बिलात स्टेंटचं नाव, कंपनी, बॅच नंबर आणि किंमत वेगळी दाखवावी लागते. खोक्यावरचा स्टिकर फाइलमध्ये चिकटवलेला असतो, तो सापडतो का बघ आणि जपून ठेव. दुसरा उपचार ठरवून करायचा असल्याने महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतो का, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला रेशन कार्ड घेऊन जाऊन आधीच विचार. नाशिकमध्ये शालिमारच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयातही हृदयविकाराचा विभाग आहे, तिथेही चौकशी करता येईल.

आता ज्यासाठी मला खरं तर हे उत्तर ताबडतोब पाठवावंसं वाटलं ती गोष्ट. दाढ आणि गोळ्या.

गोळ्या बंद करायच्या नाहीत. एक दिवसही नाही. दाढेसाठी नाही, उपासासाठी नाही, कोणी काढा दिला म्हणून नाही, बरं वाटतंय म्हणून तर अजिबातच नाही. स्टेंट म्हणजे रक्ताच्या वाटेत ठेवलेला परका धातू. त्याच्यावर शरीराची स्वतःची आतली त्वचा चढायला काही महिने जातात. तोवर रक्ताला तो जखमेसारखाच दिसतो आणि तिथे गुठळी धरायला ते टपलेलं असतं. ॲस्पिरिन आणि दुसरी गोळी, अप्पांना तू लिहिल्याप्रमाणे टिकाग्रेलोर सकाळ-संध्याकाळ, या दोघी मिळून ते थांबवतात. पहिल्या महिन्यात गोळ्या सुटल्या तर स्टेंट एकाएकी बंद होण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो आणि तसा बंद झाला तर तो पहिल्यापेक्षा भयंकर अटॅक असतो. अटॅकनंतर दोन्ही गोळ्या साधारण वर्षभर चालतात. रक्तस्रावाचा धोका असलेल्यांसाठी तो काळ हृदयाचे डॉक्टर कमी करतात, पण तो त्यांनीच करायचा. पुढे ॲस्पिरिन बहुधा कायम.

दाढ दुखत नसेल तर काही महिने थांबवा. सुजली असेल, पू असेल तर थांबू नका. दंतवैद्यांना स्टेंटची तारीख आणि गोळ्यांची नावं लिहून दे. गोळ्या चालू ठेवूनच दाढ काढता येते. रक्त थोडं जास्त वेळ येतं, टाका घालून आणि कापूस दाबून थांबतं. दंतवैद्य "बंद करा" म्हणाले तर त्यांना हृदयाच्या डॉक्टरांशी फोनवर बोलायला लाव.

टिकाग्रेलोरने काही जणांना अधूनमधून धाप लागल्यासारखं होतं. तसं झालं तर डॉक्टरांना सांगा, ते गोळी बदलतील. मनानेच सोडू नका. गावातल्या मेडिकलमध्ये ही गोळी नेहमी असेल असं नाही, म्हणून पंधरा दिवसांचा साठा कायम घरात ठेव. रात्रीची गोळी कोलेस्टेरॉलची आहे. रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉल कमी आलं तरी ती बंद होत नाही, ती थरावरचा पापुद्रा घट्ट करते. आणि अप्पा तंबाखू मळतात असं तू पत्राच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलंयस. ते मोठ्या अक्षरात लिहायला हवं होतं. तंबाखू सुटलीच पाहिजे.

आईबद्दल.

मी एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला असताना माझ्या वडिलांना पहाटे असंच झालं. अटॅकची लक्षणं मला पाठ होती, त्याच आठवड्यात परीक्षेला लिहिली होती. तरी मी स्वतःच्या हाताने त्यांना सोडा-लिंबू दिलं. माझं माणूस आणि पुस्तकातलं दुखणं यांची मला गाठच घालता आली नाही. आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा उशीर झाला होता. आईला हे वाचून दाखव. तिने ओवा दिला, कारण आपल्या घरांत पोटात, छातीत काहीही झालं की ओवाच देतात आणि दहातल्या नऊ वेळा तो पुरतो. तिने पाप केलेलं नाही. आणि साडेपाचला "आता व्यापारी गेला खड्ड्यात, गाडी काढ" असं अप्पांना न जुमानता म्हणणारीही तीच होती, तूच लिहिलंयस.

पण पुढच्या वेळेसाठी, आणि तुमच्या वस्तीवरच्या बाकीच्या घरांसाठी, तिला एक खूण शिकव. घाम. बागलाणातली जानेवारीची पहाट, अंगावर गोधडी, आणि माणसाचं बनियन भिजलंय. पित्ताने असा गार घाम फुटत नाही. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, जीव घाबरणं, यातलं काही पंधरा-वीस मिनिटं टिकलं तर ओवा आणि सोडा दोन्ही ठेवून द्यायचं आणि ईसीजी निघेल त्या जवळच्या ठिकाणी जायचं. बायकांना आणि मधुमेह असलेल्यांना कधीकधी दुखतच नाही, नुसती धाप, मळमळ, गळून गेल्यासारखं वाटतं. १०८ ला फोन करा. माणसाला चालवू नका, त्याला गाडी तर चालवायला देऊच नका. ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल आणि रक्ताच्या उलट्या किंवा पोटातल्या जखमेचा इतिहास नसेल तर ३०० मिलिग्रॅमच्या आसपास ॲस्पिरिन चावून खायला द्यायची. या साध्या, स्वस्त गोळीने अटॅकमधले मृत्यू जवळजवळ पावपट कमी होतात, हे १९८८ मध्येच सतरा हजार पेशंटवर सिद्ध झालंय. जिभेखालची सॉर्बिट्रेट मात्र बीपी मोजल्याशिवाय देऊ नका. काही अटॅकमध्ये तिने बीपी एकदम कोसळतं.

आता गडाचं. अप्पांचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काय आला ते तू लिहिलं नाहीस. अटॅकनंतर पहिल्या इकोत हृदयाची ताकद कमीच दिसते, कारण जिवंत स्नायूही काही आठवडे बधिर झालेला असतो. सहा आठवड्यांनी परत करून घ्या, तेव्हा खरा आकडा कळेल. तोवर रोज सपाटीवर चालायचं, दहा मिनिटांपासून सुरुवात करून अर्ध्या-पाऊण तासापर्यंत. बोलता बोलता चालता आलं पाहिजे, इतपतच वेग. बागेत चक्कर मारायला हरकत नाही, पण डाळिंबाचे क्रेट उचलणं आणि फवारणीचा पंप पाठीवर घेणं सध्या नाही. दुसऱ्या नळीचा निर्णय झाला आणि इको बरा आला की डॉक्टरांना विचारून ते हळूहळू सुरू होईल.

यंदाच्या चैत्रात पायी दिंडी नको. उन्हात दोन-तीन दिवस चालणं, वाटेत जेवणाचा आणि गोळ्यांचा नेम नाही, अटॅकला जेमतेम तीन महिने झालेले. डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं तर यात्रेची गर्दी ओसरल्यावर गाडीने नांदुरीवरून वर जा, पायऱ्यांऐवजी ट्रॉलीने मंदिरापर्यंत पोचा, आणि गोळ्यांचा डबा अप्पांच्या नव्हे, तुझ्या पिशवीत ठेव.

तुझी,
डॉक्टर मॅडम